वाटेवरची सीट

शेअर गाडीचा नियम एकच. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. लोणावळ्यात बघा, कामशेतला बघा, कुठेही बघा. ड्रायव्हर दाराशी उभा राहून "चला एक सीट, एक सीट" असा घसा फोडत असतो, आणि ती एक सीट भरेपर्यंत आत बसलेले सगळे घामाघूम होऊन त्या न आलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत असतात. कान्ह्याहून आंदर मावळात जाणाऱ्या गाड्यांचा कारभार मात्र उलटा होता. तिथे भरलेली गाडी सुटायचीच नाही. एक सीट रिकामी असेल तरच सुटायची. हा उलटा नियम कुसुमताई ओव्हाळांनी घातलेला, आणि त्या उभ्या असताना तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

मी वहानगावच्या पुढे एका शाळेत शिक्षिका होते. घर तळेगावात. सकाळी लोकलने कान्हे, तिथून रेल्वे फाटक ओलांडलं की या गाड्यांचा अड्डा. त्यांना सगळे जीप म्हणायचे. खऱ्या जीप कधीच भंगारात गेल्या होत्या, त्यांच्या जागी व्हॅन आल्या होत्या, पण मावळात एकदा पडलेलं नाव सहसा जात नाही.

बदली झाल्यावर पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून, वेळेच्या बरीच आधी येऊन गाडीत बसले. गाडी भरली होती. आता सुटणार म्हणून मी पदर सावरला, तेवढ्यात खिडकीतून एका काळ्या छत्रीची मूठ आत आली.

"मॅडम, तुमी उतरा."

"मी? का?"

"शेवटच्या चढला ना तुमी. मागं दुसरी लागलीय, तितं बसा."

"अहो पण ही सीट रिकामी होती!"

"व्हय, रिकामीच जायची हाय ती. वाटंवरच्याची हाय."

मला वाटलं वाटेत कुणी सरपंच-बिरपंच चढणार असेल. मी चांगली हुज्जत घातली. शाळेचं नाव सांगितलं, पहिला दिवस आहे म्हणून सांगितलं. छत्रीमागच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "झालं? आता उतरा, म्हंजी ह्ये लोक तरी वेळंवर पोचतील." गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उतरले.

मागच्या गाडीत मला जागा मिळाली आणि माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. छत्रीच्या मुठीने टपावर दोनदा ठकठक झालं, गाडी सुटली. मी रागारागाने शेजारी पर्स ठेवली. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "पर्स मांडीवर घ्या मॅडम." टाकवे गाव मागे गेलं, एक चढ आला, एका मोठ्या उंबराच्या वळणावर एक म्हातारी तांदळाची पिशवी घेऊन उभी होती. गाडी थांबली. म्हातारी चढली, पिशवी पायाशी ठेवली आणि माझ्या शेजारी बसली. मला त्यात एक गोष्ट चमत्कारिक वाटली. "जागा हाय का?" असं तिने विचारलंच नाही. आत डोकावूनसुद्धा बघितलं नाही. स्वतःच्या घरात शिरावं तशी ती गाडीत शिरली.

कुसुमताई तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या असतील. सुती साडी, तिच्यावर कंपनीतला जुना निळा कोट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, त्यामुळे वेळ बघताना त्या कुणाला तरी थप्पड मारायला हात उचलतायत असं वाटायचं. आणि तसं वाटण्यात फारसं चूक नव्हतं. दाढेखाली कायम एक लवंग. छत्री बारा महिने. ड्रायव्हरांनी त्यांच्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती, पण त्यांना तिच्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. रांगेत जो कुणी जास्त थकलेला दिसेल त्याला त्या तिथे बसवायच्या आणि स्वतः उभ्या. सकाळी येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला "जय भीम" घालायच्या. कुणी जय भीम म्हणे, कुणी राम राम, कुणी नुसतीच मान हलवी. उत्तर काय द्यायचं ते ज्याचं त्यानं बघावं, आपला नमस्कार चुकायचा नाही, असा त्यांचा हिशेब होता.

आधी त्या टाकव्याकडच्या अनेक कारखान्यांपैकी एकात स्टाफच्या बसगाड्यांचं काम बघायच्या. कुठली बस कुठून निघेल, कुणाला कुठे घेईल, शिफ्ट लांबली तर काय, हे सगळं त्यांच्याकडे. तो कारखाना दुसरीकडे गेला, त्या घरी बसल्या. त्याच सुमारास कान्ह्याच्या अड्ड्यावर कुणाची गाडी आधी सुटणार या नंबरावरून ड्रायव्हरांची रोज मारामारी चालायची. एकदा काच फुटली, एकदा डोकं. शेवटी सगळे मिळून ताईंच्या दारात गेले. "ताई, तुमी नंबर लावा. तुमचं ऐकू." ताई म्हणाल्या, येते, पण प्रत्येक गाडी एक सीट रिकामी ठेवून सुटंल. ड्रायव्हर हसले आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं, बाईमाणूस, दिवाळीपर्यंत विसरेल. किती दिवाळ्या गेल्या पुढे.

त्या बाईंचं काम मी रोज बघायचे आणि रोज थक्क व्हायचे. त्या नुसत्या नंबर लावत नव्हत्या, सगळं खोरं डोक्यात घेऊन उभ्या असायच्या. कामशेतचा बाजार असला की अजून उजाडतंय तोवर दोन गाड्या रिकाम्याच वर पाठवायच्या. ड्रायव्हर कुरकुरायचे. "अरं, माणसं खाली आणायची तर गाडी आधी वर नको का?" लावणीच्या दिवसांत बायका चिखलाने भरलेल्या पायांनी येणार म्हणून सीटांवर गोणपाट घालून घ्यायच्या, म्हणजे आधी बसलेला कुणी नाक मुरडायला नको. दहावीची परीक्षा आली की टाकव्याला जाणाऱ्या पोरांसाठी एक गाडी बाजूला काढून ठेवायच्या आणि तिच्या ड्रायव्हरला बजावायच्या, "आज हॉर्न बी वाजवायचा न्हाई. पोरं वाचत असत्यात." हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्या आम्ही, आम्हाला हे सुचलं नसतं, असं मी एकदा म्हणाले तर त्यांनी मला झटकून टाकलं. "तुमी शिकवा ना. सगळंच तुमाला सुचलं तर आमी काय करायचं?"

पुढच्या सीटचा किस्सा तर अख्ख्या आंदर मावळात माहीत आहे. ड्रायव्हरच्या शेजारची सीट मानाची. वहानगावकडचे एक आबा होते, नदीकाठी मोठी भातखाचरं, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. आबा आले की पुढे बसलेल्याने मुकाट्याने उठायचं अशी रीत होती. एक दिवस पुढे कारखान्यातली एक पोरगी बसली होती आणि आबा दाराशी येऊन खाकरले. पोरगी उठायला लागली. ताईंनी छत्री आडवी घातली.

"आबा, तुमाला गाडी लागती का?"

"मला? मला कशाला लागंल? मी काय पोर हाय?"

"मग मागं बसा. पुढली सीट ज्याला उलटी हुती त्याची."

गाडीत कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. ओव्हाळांची कुसुम आपल्याला मागं बसवते हे आबांना पचण्यासारखं नव्हतं, ते तडक घरी गेले. मग बरेच दिवस पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, धोतर धरून, आमच्या गाडीला ओव्हरटेक करताना दिसायचे. पण पुतण्या गाडी चालवायचा ती सर्कशीतल्यासारखी. एका सकाळी आबा पुन्हा अड्ड्यावर हजर झाले, ताईंसमोर उभे राहिले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "कुसुम, आज मला लागंल आसं वाटतंय."

ताईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "लागणारच आबा, लय वळणं हायती," असं म्हणून त्यांनी आबांना पुढे बसवलं आणि त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. "धरून बसा. सोडू नका." वहानगाव येईपर्यंत आबा ती पिशवी तोंडासमोर धरून बसले होते. त्यानंतर ते आपणहून मागे बसू लागले, आणि गंमत म्हणजे अड्ड्यावर सगळ्यांत आधी ताईंना जय भीम घालू लागले.

मग एका वर्षी शहरातून एक कंपनी आली. फोनवर सीट बुक करायची, चकचकीत छोट्या बस, आत गारवा. त्यांचा तरुण अधिकारी चार दिवस अड्ड्यावर उभा राहून सगळं बघत होता. मुलगा मोठा हुशार आणि नम्र होता. त्याने ताईंना सरळ विचारलं, "तुम्ही आमच्याकडे या, सगळा मार्ग तुम्ही बघा." त्या क्षणी मी तिथेच रांगेत होते. ताईंना घर चालवायचं होतं, ड्रायव्हर जे देतील त्यावर त्यांचं भागत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता या जाणार.

"येते," ताई म्हणाल्या, "पण एक सीट रिकामी सोडायची."

"ताई, रिकामी सीट म्हणजे तोटा."

"रिकामी न्हाई ती. दिलेली हाय. फकस्त माणूस अजून चढायचाय."

तो हसला, पण त्याला ते आवडलेलं दिसलं. "पण वाटेत कोण उभं आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"कळत न्हाई, म्हणून तर सोडते. वर फोनला रेंज न्हाई. कळत आसतं तर मी बी बुक केली आसती."

त्याने शहरात परत जाऊन साहेबांना विचारलं, साहेब नाही म्हणाले. ताई गेल्या नाहीत. बस सुरू झाल्या आणि टाकव्याच्या शिफ्टची सगळी गर्दी त्या गारव्यात जाऊन बसली. आमच्या जीपना फेऱ्या कमी मिळू लागल्या. आधी कुजबुज झाली, मग एका सकाळी सगळे ड्रायव्हर ताईंभोवती गोळा झाले. बाळू नावाचा ड्रायव्हर त्यांचा पुढारी. ताईंनीच त्याला पहिल्यांदा नंबर दिला होता, त्यामुळे त्याची मान खाली होती.

"ताई, ती सीट आता परवडत न्हाई. प्वाटाचा प्रश्न हाय."

मला वाटलं आता छत्री कुणाच्या तरी डोक्यात बसणार. ताईंनी लवंग थुंकली, घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "खरं हाय तुमचं. प्वाट सगळ्यांलाच हाय. भरून सोडा. पर मग नंबर बी तुमीच लावा." आणि फाटक ओलांडून घरी निघून गेल्या. तेवढ्या वर्षांत मी त्यांना पाठमोरं पाहिलं ते पहिल्यांदा. इतकं वाईट वाटलं की गाडीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी इतकी वर्षं जे एक जपलं होतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं, आणि त्यांनी त्यावर भांडणसुद्धा केलं नव्हतं.

गाड्या भरून सुटू लागल्या. खरं सांगायचं तर आमची सोय झाली. शाळेत वेळेवर पोचत होते. वाटेत उभी असलेली माणसं हात करायची, ड्रायव्हर आतूनच पंजा हलवून "भरलीय" म्हणायचा, गाडी पुढे. दोन-चार दिवसांत त्या माणसांनी हात करणंही सोडलं. गाडी येताना दिसली की ती रस्त्याच्या कडेला सरकून उभी राहायची, एवढंच.

मग एक दिवस मी बाळूच्या गाडीत होते. उंबराचं वळण आलं. झाडाखाली तीच म्हातारी उभी, तांदळाची पिशवी घेऊन. गाडी खच्चून भरलेली होती, दारातही एक जण लटकत होता. बाळूने पंजा हलवला आणि गाडी पुढे काढली. माझ्या शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "बाळू, तुजी आई ना रं ती?" बाळूने नुसता गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कान्ह्याला उतरले तेव्हा बाळू ताईंच्या घरून येत होता आणि त्याच्या मागून छत्री. अड्ड्यावर आल्यावर तो सगळ्यांसमोर बोलला.

"काल आईनं मला जेवाय वाढलं. आन् मग ईचारलं, 'बाळू, मी दिसले न्हाई व्हय रं?' मी म्हणलं, आई, गाडी भरली होती. तर ती म्हणली, 'आसंल. मला आपलं वाटलं...' आन् गप बसली. काय वाटलं ते बोलली न्हाई. मला रातभर झोप न्हाई, ताई."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या पुढच्या गाडीपाशी गेल्या, आत नजर टाकली आणि म्हणाल्या, "शेवटाला कोण चढलाय? उतरा." शेवटी चढलेला कारखान्यातला माणूस होता. तो निमूटपणे उतरला. छत्रीची मूठ टपावर दोनदा वाजली.

त्या दुपारी शाळा लवकर सुटली होती. अड्ड्यावर गर्दी नव्हती. मी धीर करून विचारलं, "ताई, ही सीट तुम्हाला सुचली कशी?" एरवी हा प्रश्न कुणी केला की त्या "कंपनीतली सवय" म्हणून उडवून लावायच्या. त्या दिवशी बोलल्या.

"आमची आळी गावाच्या भायेर, वाटंवर. मी हायस्कुलाला जायाची ती हात करून. भरलेली गाडी थांबली न्हाई तर राग येत न्हाई मॅडम. भरलीच हाय, ती काय करंल? पर कवा कवा गाडीत जागा दिसायची आन् तरी ती थांबायची न्हाई. मग माणूस ईचार करत बसतं. ड्रायव्हर घाईत आसंल. त्याचं ध्यान नसंल. का मला बघून न्हाई थांबला? घरला जाऊस्तवर तेच डोक्यात. कुणाला ईचारणार?" त्यांनी नवी लवंग तोंडात टाकली. "म्हणून आपली गाडी थांबतीच. सीट हायच, तर थांबाया काय झालं? माणसाला ईचार करायचं कामच ठिवायचं न्हाई."

एवढी मोठी गोष्ट एका सीटवर मावते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पावसाळा संपला आणि शहरातली कंपनी आपला बाडबिस्तरा गुंडाळून दुसऱ्या तालुक्यात गेली. शिफ्टची गर्दी परत आली. पण ताईंचे गुडघे तोवर पार गेले होते. उभं राहवेना, आणि खुर्चीवर बसायला त्या तयार नव्हत्या. शेवटी त्यांनी अड्डा सोडला आणि वर भावाकडे राहायला गेल्या. भावाचं घर उंबराच्या वळणापासून जवळच. नंबर बाळू लावू लागला. जाताना ताईंनी कुणाकडून वचन घेतलं नाही, त्या सीटचं नावसुद्धा काढलं नाही. माझ्यासारख्या पुष्कळांनी मनात धरलं होतं की आता बाई नाही, छत्री नाही, फार तर होळीपर्यंत चालेल.

पुढच्या वर्षी त्या वारल्या. बाळूने फोन केला तेव्हा माझी बदली झालेली होती, मला जाता आलं नाही. पण त्या आठवतात तेव्हा अड्ड्यावरच्या आठवत नाहीत. आठवतो तो त्याआधीचा एक दिवस. तिथल्या शाळेतला माझा शेवटचा आठवडा होता. मी वरून खाली येत होते. एक नवाच ड्रायव्हर होता, ताईंना त्याने धड पाहिलंही नसावं. गाडीत एक सीट रिकामी होती. उंबराच्या वळणावर उन्हात दोघी उभ्या. एक तान्हं मूल घेतलेली कातकरी बाई, आणि उघडी छत्री धरलेल्या कुसुमताई. कामशेतला दवाखान्यात निघाल्या होत्या.

गाडी थांबली. सीट एक, माणसं दोन. ताईंनी त्या बाईला पाठीवर हात ठेवून पुढे केलं. "चढ तू."

मी खिडकीतून ओरडले, "ताई, थांबा, मी उतरते!"

"ह्या मॅडम पहिल्या दिसापासून भांडत्यात," ताई हसून म्हणाल्या. "बसा हो. मागनं गाडी हाय."

"पण ती भरलेली असली तर?"

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काय विचारतेय हेच त्यांना कळलं नसावं. छत्री एका हातात होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताच्या पंजाने टपावर दोन थापा मारल्या. गाडी निघाली.

तिथून रस्ता धरणाच्या पाण्याला वळसा घालतो, त्यामुळे बराच वेळ ते उंबराचं झाड पलीकडच्या अंगाला दिसत राहतं. मी मान वळवून बघत बसले. माझा जीव खालीवर होत होता, मुलांच्या निकालाच्या दिवशी होतो तसा. मागची गाडी वरून आली. झाडापाशी वेग कमी झाला. थांबली.

ताई दाराशी गेल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आत डोकावूनसुद्धा बघितलं नाही. छत्री मिटली आणि चढल्या.